तिच्या नावाने गेलेली हरकत

तिचं उत्तर बरोबर होतं. त्या उत्तराविरुद्ध जी हरकत गेली ती तिच्याच नावाने गेली, आणि ती मी घेतली होती, तिला न विचारता. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे लिहीत गेलो की मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. ती सवय मला जुनी आहे.

मी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो. सकाळी शहापूरला, दुपारी मुरबाडला. विषय सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. स्वतः मी एकही परीक्षा पास झालो नाही. वयोमर्यादा संपली तेव्हा पाठ केलेलं बरंच शिल्लक होतं, म्हणून शिकवायला लागलो. मुरबाडचा वर्ग खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरतो. ज्यांना कल्याणच्या पुढे जायचं कधी कारण पडलं नाही अशी पोरं तिथे बसून मंगोलियाची राजधानी आणि चिलीचं चलन घडाघडा सांगतात. एकदा एकाने विचारलं होतं, "सर, हे माहीत असून जंगलात करायचं काय?" तो वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होता. मी म्हणालो, "जंगलात काही नाही करायचं रे. जंगलात जायला मिळावं म्हणून करायचं." पोरं हसली. मीही हसलो.

चालू घडामोडींचा माल नाशवंत असतो. कुठे सरकार पडतं, कुठे एखाद्या पदावर दुसरा माणूस येतो, आणि महिनाभर घोकलेलं उत्तर चुकीचं ठरतं. भरतीची जाहिरात मात्र येत नाही. ती येईपर्यंत पोरं जुनं पुसतात, नवं पाठ करतात, मग तेही पुसतात. काहींची सगळी विशी त्यात गेली.

ती मुलगी टोकावड्याच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावरून यायची. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. फाट्यावर उतरून एसटीची वाट बघताना तिथे जेवढी रेंज मिळायची तेवढ्यात ती बातम्या ऐकून घ्यायची. वर्गात मागच्या बाकावर बसायची, भिंतीकडच्या बाजूला. फार बोलायची नाही. वर्गातल्या बहुतेकांचे अर्ज मीच भरून द्यायचो. तिच्या अर्जावर मोबाइल नंबरही माझाच दिला होता, कारण पाड्यावर ओटीपी वेळेत पोचणार नव्हता. वनरक्षकाची ती तिची शेवटची संधी होती. पुढची भरती निघेपर्यंत वय निघून जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

एका दुपारी मी जगाचं सामान्य ज्ञान घेत होतो. सर्वाधिक लोकसंख्येचा देश कोणता? चीन, असं फळ्यावर लिहिलं. मागून तिने हात वर केला.

"सर, आता आपलाच देश पयला झालाय ना? बातम्यांत सांगत व्हते."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण माझ्या नोट्स छापून झाल्या होत्या, त्यात चीन होतं. म्हणालो, "तो अंदाज आहे. आपली जनगणना अजून झालेली नाही. परीक्षेत पुस्तकातलं चालतं."

"पण सर, बातम्यांत…"

"तू मोजून आलीस काय गो सगळ्यांना?"

वर्गात हशा फुटला. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, तिच्या पाड्यावरनं मोजणी सुरू झाली असंल!" पुन्हा हशा. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. मी फळ्यावरचं उत्तर तसंच ठेवलं.

काही महिन्यांनी लेखी परीक्षा झाली. तो प्रश्न आला. कच्ची उत्तरतालिका लागली, त्यात उत्तर भारत होतं. माझ्या वर्गातल्या पोरांनी चीन निवडलं होतं, कारण मी तसं सांगितलं होतं. तिने भारत निवडलं होतं.

ती दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी आली. जिन्यातच थांबली.

"सर, माझा होतंय. मागच्या भरतीला यादी जिथं थांबली होती त्याच्या वर हाय मी."

"छान झालं," मी म्हणालो.

"पोरं म्हणतात त्या चीनवाल्या प्रश्नावर हरकत घेणार. सर, तुमी सांगा ना त्यांना. नका घेऊ म्हणून. रद्द झाला तर सगळ्यांना मार्क भेटंल, मी हाय तिथंच ऱ्हाईन."

मी म्हणालो, "बघू."

आमच्या धंद्यात परीक्षा झाली की दुसऱ्याच आठवड्यात चौकात फलक लागतो: आमच्या नोट्समधून आलेले प्रश्न. पोरांचे पालक तो फलक बघून वर्ग निवडतात. मुरबाडला दुसरा एक वर्ग नुकताच सुरू झाला होता, आणि सरांच्या नोट्समध्येच चूक होती ही गोष्ट त्यांनी आठवडाभरात एसटी स्टँडपर्यंत पोचवली होती. प्रश्नच रद्द झाला तर माझी चूकही रद्द झाली असती. कारण एवढंच होतं. पोरांचं नुकसान होतं हेही खरं, आणि ती सगळी येऊन "सर, कायतरी करा" म्हणत होती हेही खरं. पण नुसत्या त्यांच्यासाठी मी इतका धावलो नसतो.

त्याच संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी हरकतीचा मजकूर लिहिला. भूगोलाच्या जुन्या पुस्तकातलं पान फोटो काढून जोडलं. जनगणना झालेली नसताना निव्वळ अंदाजावर आधारलेला प्रश्न संदिग्ध ठरतो, सबब तो रद्द करावा, असं लिहिलं. इतकं नेटकं मराठी मी आयुष्यात क्वचितच लिहिलं असेल. हरकत परीक्षार्थीच्याच लॉगिनमधून घ्यावी लागते. पोरांची लॉगिनं माझ्याकडेच होती. पोरं फोनवरून ओटीपी सांगत गेली आणि एकेक उघडून मी तोच मजकूर टाकत गेलो. शुल्कही मीच भरलं.

मग तिचं नाव आलं.

मी थांबलो, हे खरं आहे. किती वेळ ते सांगता येत नाही. जितक्या जास्त हरकती तितकी दखल घेतली जाते, असं आमच्यात म्हणतात. ज्याचं उत्तर बरोबर आलंय त्यानेसुद्धा हरकत घेतली तर हरकतीचं वजन वाढेल, असाही विचार माझ्या डोक्यात आला. तो विचार आला याची मला अजून लाज वाटते. ओटीपी माझ्याच फोनवर आला. मी तो टाकला.

अंतिम उत्तरतालिकेत प्रश्न रद्द झाला. सगळ्यांना तो गुण मिळाला. तिची बेरीज होती तेवढीच राहिली आणि बाकीचे वर आले. मैदानी चाचणीला बोलावलेल्यांची यादी जिथे थांबली, तिथून ती एका गुणाने खाली होती. माझ्या वर्गातल्या ज्या पोरांना तो गुण मिळाला, त्यांच्यापैकी एकाचंही नाव यादीत नव्हतं. ती पोरं इतकी मागे होती की एका गुणाने त्यांचं काही होणारच नव्हतं. हे मला हरकत घेतानाही दिसायला हवं होतं.

निकालानंतर ती वर्गात आली. रडली नाही. उभ्यानेच विचारलं.

"सर, हरकत कोणी घेतली?"

"राज्यभरातून आल्या असतील. आपल्या हातात असतं का ते?"

"आपल्या वर्गानं?"

"पोरांनी घेतली असेल, मला विचारून थोडीच घेतात."

तिने मान हलवली. "बरा," म्हणाली, आणि गेली. पोरं समोरच बसली होती. सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. मी पुढचा विषय काढला.

राज्यभरातून हरकती आल्या असणार हे खोटं नव्हतं. माझ्या न घेण्याने प्रश्न टिकला असता की नाही हे मला कधीच कळणार नाही. बरेच महिने मी याच वाक्याच्या आधारावर झोपत आलो. पण तिचं नाव समोर आल्यावर मी ओटीपी टाकला, त्याला राज्याचा काय संबंध?

ती मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागली, कंत्राटावर. मला हे दुसऱ्या एका पोरीकडून कळलं. "सर, तिचा आता लगीन ठरवतायत घरची," ही बातमीही त्याच पोरीने दिली. मी नुसतं "अच्छा" म्हटलं आणि त्या महिन्याच्या चालू घडामोडी सांगायला घेतल्या. नोट्स नव्याने छापल्या होत्या. त्यात आता भारत होतं.

मागच्या महिन्यात मी कंपनीच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटली. बायका भराभर बाहेर पडून टोकावड्याच्या जीपमध्ये बसत होत्या. ती मागच्या बाकड्यावर कडेला बसली. मला बघून ओळखीचं हसली.

"सर? तुमी इकडं कुठं?"

"तुझ्याशी बोलायचं होतं. उतरतेस का जरा?"

"गाडी भरली की सुटंल सर. दुसरी नाय यायची लवकर. इथंच बोला."

आत दाटीने बसलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बोला की मास्तर, आमी नाय आयकत," आणि सगळ्या हसल्या. मी ठरवून आलेलं वाक्य विसरलो.

"त्या प्रश्नावर हरकत मी घेतली होती," मी म्हणालो. "पोरांनी नाही. मी. सगळ्यांच्या लॉगिनमधून. तुझ्यासुद्धा."

तिला कळायला वेळ लागला. "माझ्या नावानं?"

"हो."

"पण माझा तर बरोबर होता ना सर."

बायका आता हसत नव्हत्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, "मास्तर, बाजू व्हा, टाइम झालाय." तिने माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवरच्या डब्याच्या पिशवीचे बंद ती घट्ट बांधत राहिली. मला वाटत होतं, तिने शिवी द्यावी. गाडी चालू झाली तशी मी दांडीला धरून दोन पावलं तिच्याबरोबर गेलो, आणि त्या सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, म्हणालो, "तू बरोबर होतीस, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. वर्गात तुला हसलो, तुझं नाव तुझ्याविरुद्ध वापरलं, वर तोंडावर खोटं बोललो. माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, आणि ते मला भरून देता येणार नाही. मला माफ कर."