गप बसवणारा मॅनेजर

कतारमधल्या अल खोर गावाहून दोह्याच्या चर्चला नेणाऱ्या शुक्रवारच्या बसमध्ये हे गृहस्थ मला भेटायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण मध्ये बोलायला ते जागाच ठेवत नसत. केनियाच्या चार गायकांचे ते मॅनेजर. टाळ्यांच्या ठेक्यावर अंग डोलायला लावणारी येशूची गाणी, म्हणजे गॉस्पेल, ते चौघे चर्चमध्ये आणि लग्नांत गायचे. बसमध्ये मात्र गळ्याला मफलर गुंडाळून मुके बसायचे. कुणी तोंड उघडलं की हे मागे वळून ओरडायचे, “गप!” मराठीतला तेवढा एकच शब्द चौघांना पक्का कळत होता.

“एसीत बोललं की गळा खलास, सिस्टर,” असं मला, म्हणजे नर्सला, समजावत स्वतः दोह्यापर्यंत अखंड बोलायचे.

एकदा मी वैतागून विचारलं, “तुम्ही स्वतः गाता का हो कधी?”

“गायचो ना, वसईला चर्चच्या कॉयरमध्ये. कॉयरचे सर म्हणाले, तू नुसते ओठ हलव. म्हटलं, मग मॅनेजरच होतो.”

मी खो खो हसले. तेही हसले, पण जरा उशिरा.

त्या दिवशी चौघांनी असा सूर लावला की अख्खं चर्च उभं राहून गायला लागलं. हे स्पीकरमागे डोळे मिटून उभे होते. प्रत्येक शब्दाला ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

मी जवळ जाऊन म्हटलं, “गा की हो! एवढ्या आवाजात कुणाला कळतंय?”

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, “गप!”