उन्हात कमावलेला चेहरा

"पाय दाखव."

मैदानावर नवी मुलगी आली की आमच्या पीटीच्या मॅडमचं पहिलं वाक्य हेच. नाव नंतर, इयत्ता नंतर. मुलगी बावरायची, मग चपला काढून उभी राहायची. ही खाली बसून तिची पावलं न्याहाळायची, टाच दाबून बघायची, अंगठा मागेपुढे करायची आणि उठताना म्हणायची, "धावशील." कुणालाही तिनं "धावणार नाहीस" असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

समोरच्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नसायचं. आणि गंमत अशी, की तिला भेटणारा प्रत्येक जण आधी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहायचा.

धुळ्याच्या देवपुरातल्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघींनी जवळजवळ सगळी नोकरी बरोबर केली. ती शारीरिक शिक्षणाची, मी चित्रकलेची. वयानं ती माझ्याहून काही महिन्यांनी धाकटी. हे मुद्दाम सांगते, कारण कुणाला ते पटायचं नाही. चाळिशी ओलांडली नव्हती, तेव्हाच तिच्या डोळ्यांच्या कडेला जाळं धरलं होतं. पुढे कपाळावर, गालांवर, मानेवर रेघांवर रेघा आल्या, नाकावर आणि गालफडांवर तपकिरी डाग पडले. नवे पालक मला हळूच विचारायचे, "त्या मॅडम अजून रिटायर नाही झाल्या?" मी म्हणायची, "माझ्यानंतर होणार आहेत." ते माझ्याकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

ती मूळची जामनेरकडची, लख्ख गोरी. लग्नातला तिचा फोटो मी पाहिलाय. मुंडावळ्यांच्या आड दुधासारखा चेहरा. तिचा नवरा तिकडे केळीची शेती बघायचा आणि सुटीच्या दिवशी धुळ्याला यायचा. तो हसत सांगायचा, "गोरी बायको आणली म्हणून आमच्या आईनं गावभर पेढे वाटले होते. आता बाजारात माणसं विचारतात, भाऊ, आईला घेऊन आलात का? मी सांगतो, बायको शे माझी. आणि अजून मला पळून हरवते!" हे सांगताना त्याची छाती फुगायची. ती नुसती मान हलवायची.

मी सावळी. माझ्या रंगाची काळजी माझं लग्न ठरेपर्यंत सगळ्या नात्यानं वाहिली. डाळीचं पीठ, साय, हळद, काय काय माझ्या तोंडाला लागलं नाही! पन्नाशीनंतर मात्र हेच तोंड गुळगुळीत राहिलं म्हणून बायका मला विचारू लागल्या, "काय लावता हो?"

धुळ्याचं ऊन तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आमच्या मैदानाच्या एका कडेला एक कडुनिंब, बाकी सगळं उघडं. पीटीचे तास वेळापत्रकात उरलेल्या जागी, म्हणजे बहुधा भर दुपारी टाकलेले. मुली आळीपाळीनं निंबाखाली बसायच्या, ही मात्र तास संपेपर्यंत मधोमध उभी. टोपी नाही, स्कार्फ नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, निदान रुमाल तरी बांध." तर म्हणाली, "मी रुमाल बांधला की मुलींना वाटेल, मॅडमला ऊन लागतं. मग त्यांनाही लागायला लागेल." तिचा तो अभिमान होता, आणि माझा सगळा शहाणपणा त्याच्यापुढे फिका पडायचा.

मग वैशाली आली.

वैशाली नववीत होती. सडपातळ, काळीसावळी, फारसं न बोलणारी. बाप रिक्षा चालवायचा, आई घरी शिवणकाम करायची. आमच्या मॅडमनी नेहमीसारखे तिचे पाय बघितले, पण उठताना या वेळी तिनं "धावशील" म्हटलं नाही. शाळा सुटल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अशी पोर माझ्या मैदानावर आजवर आली नव्हती." आठशे मीटरसाठी तिनं वैशालीला तयार करायला घेतलं. दिवाळीपर्यंत ती पोर अशी पळायला लागली, की वर्ग चालू असताना मी खिडकीशी जाऊन उभी राहायची.

आणि एक दिवस वैशाली यायची बंद झाली.

आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. आईनं मशीन थांबवलं, पाणी दिलं, बसायला सतरंजी घातली. बाई भली होती. पण बोलली ते सरळ बोलली.

"मॅडम, तुमना राग नही शे. मनी मोठी पोर काळी शे म्हनीसन लगनन्या दोन जागा मोडन्यात. आते हाई बी उन्हामा आखो काळी पडी गई, त मी काय करू?"

आमची मॅडम म्हणाली, "उन्हानं काही होत नाही हो ताई. मी इतकी वर्षं उभी आहे."

वैशालीच्या आईनं सतरंजीची कड सारखी केली. मग खाली बघत म्हणाली, "तुमनं तोंड देखा ना, मॅडम."

वाईट हेतूनं म्हणाली नाही. एका आईला जे दिसत होतं ते तिनं सांगितलं. पण परत येताना पांझरेच्या पुलावर आमची मॅडम कठड्याला टेकून थांबली. दम लागला म्हणून ती थांबलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "त्या बाईचा राग नको धरूस. ती खरं बोलली." त्यानंतरही वैशाली मैदानावर आली नाही.

त्याच सुमाराला मॅडमच्या कानशिलावर एक खरबरीत चट्टा होता. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. ती त्यावर खोबरेल लावून मोकळी व्हायची. मी जवळजवळ ओढतच तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून चट्टा बघितला आणि विचारपूस सुरू केली. तंबाखू? नाही. मिसरी? नाही. झोप? रात्री नऊला डोळा लागतो, पहाटे आपोआप जाग येते. खाणं? भाकरी, भाजी, केळी.

"मग हे सगळं उन्हाचंच काम आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकी राहणी तुमची चांगली आहे, शरीर तिशीतलं आहे. चेहरा तेवढा सत्तरीचा झालाय."

त्यांनी मग माझ्याकडे बोट दाखवलं. "गोरी कातडी उन्हात लवकर म्हातारी होते. यांच्या सावळ्या कातडीत रंग जास्त आहे, तो उन्हाला बऱ्यापैकी अडवतो. सुरकुत्या उशिरा येतात. ऊन त्यांनाही लागतं, डाग त्यांनाही पडतात, काळजी त्यांनीही घ्यायला हवी. पण तुमच्याकडे तेवढाही आडोसा नव्हता, आणि तुम्ही साधी टोपीसुद्धा घातली नाहीत."

त्यांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हा दोघींनाच माहीत. ती मैदानावर नेहमीसारखी उभी राहायची, पण शिट्टी तोंडात धरून वाजवायची विसरायची. अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण पुढे होऊ शकला असता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि तो चट्टा काढून टाकला.

दवाखान्यातून बाहेर पडताना मला वाटलं, आता ही रडेल. ती पायरीवर थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे लहानपणापासून तुला ज्याच्यासाठी बोलणी बसली, ती देवानं दिलेली छत्री होती होय!" आणि हसली. मी मात्र रडले. माझ्या रंगाबद्दल असं कुणी मला आजवर बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कानशिलावर पट्टी लावूनच ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली. मीही बरोबर होते. तिचं म्हणणं सरळ होतं: सराव उजाडताना सुरू होईल आणि ऊन तापायच्या आत संपेल. दुपारचे पीटीचे तास सकाळी घ्यायचे. पळणाऱ्या मुलींना पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि टोप्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, वेळापत्रक सगळं विस्कटेल." ती म्हणाली, "विस्कटू दे. माझ्याकडे बघा, आणि मग सांगा." त्यांनी बघितलं. वेळापत्रक बदललं.

तिथून ती मला घेऊन थेट वैशालीच्या घरी.

दार उघडताच वैशालीच्या आईनं पट्टी पाहिली. "मॅडम, हाई काय व्हयनं?"

"उन्हानं झालं," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी खरं बोललात, ताई. मीच खोटं बोलले. ऊन तोंड खातं. माझं खाल्लं. तुमच्या पोरीचं मी खाऊ देणार नाही. पहाटे धावेल, बाह्या घालून धावेल, टोपी घालून धावेल. पण तिचं पळणं तोडू नका."

"आनि रंगनं काय?"

"तिचा रंग मी बदलणार नाही, ऊनही फार बदलणार नाही. तो चांगला आहे, हे मी डॉक्टरांकडून ऐकून आले. आणि पोलीस भरतीत आठशे मीटरची वेळ बघतात, रंग बघत नाहीत."

मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज होता. वैशालीच्या आईनं तो उगाच उलटापालटा केला. आतल्या दाराशी वैशाली उभी होती. शेवटी आई म्हणाली, "सकायले कितला वाजता धाडू?"

त्या वर्षीची जिल्हा स्पर्धा वैशाली सहज जिंकली. पुढची स्पर्धा जळगावला होती. वैशालीची आई डबा घेऊन आमच्याबरोबर आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी बघून दुसऱ्या शाळांच्या मुली हसल्या. शेवटच्या वळणावर ती टोपी उडाली आणि वैशाली एकेकीला मागे टाकत दुसरी आली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. वैशालीच्या आईला समजतच नव्हतं, रडावं की टाळ्या वाजवाव्यात. आणि आमची मॅडम? ती मैदानात जाऊन शांतपणे टोपी उचलून घेऊन आली, झटकली आणि वैशालीच्या डोक्यावर ठेवली.

शाळेनं अभिनंदनाचा भला मोठा फ्लेक्स लावला. एका बाजूला वैशाली, दुसऱ्या बाजूला मॅडम. सकाळी वैशालीची आई फाटकाशी उभी राहून वर बघत होती. मला म्हणाली, "मॅडम, हाई कोननी पोर शे?"

मी वर पाहिलं. फ्लेक्सवाल्यानं वैशालीला गव्हासारखी उजळ करून टाकली होती. आणि मॅडमच्या तोंडावरची एकूण एक रेघ पुसून तिथं एक गुलाबी, गुळगुळीत बाई बसवली होती. तेवढ्यात मॅडम आली. कंबरेवर हात ठेवून तिनं तो फ्लेक्स बराच वेळ बघितला. मग फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

तो पलीकडून सांगत असावा, की चांगलं दिसावं म्हणून केलं, पैसेसुद्धा जास्तीचे लावले नाहीत. ही म्हणाली, "भाऊ, ही बाई आमच्या मैदानावर कधी आलीच नाही. आणि ही पोर कधी धावली नाही. ज्या आल्या आणि धावल्या, त्यांना लावा."

नवा फ्लेक्स आला. त्यावर वैशाली होती तशी काळीसावळी, घामानं चमकणारी. आणि शेजारी आमची मॅडम, सगळ्या रेघांसह, डागांसह, कानशिलावरच्या नव्या व्रणासह. मी आयुष्यभर मुलींना चेहरे काढायला शिकवलं, पण इतका देखणा चेहरा मी कागदावर उतरवू शकले नसते. तो फ्लेक्स रंग उडेपर्यंत कुणी काढला नाही. मुलीच काढू देत नव्हत्या.

वैशाली आता पोलिसात आहे. तिच्या मागून त्याच वस्तीतल्या आणखी मुली पळायला आल्या, पहाटे, टोप्या घालून. त्यातल्या दोघींना तर त्यांच्या आया सोडायला यायच्या आणि निंबाखाली बसून राहायच्या.

निवृत्तीनंतर मॅडम जामनेरला नवऱ्याकडे गेली. मी तिला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेले होते. निरोपसमारंभात आमचं बोलून झालं होतं, त्यामुळे ती आत सीटवर आणि मी खाली खिडकीशी, अशा आम्ही उगाच इकडचं तिकडचं बोलत होतो. तेवढ्यात कंडक्टर तिकिटं फाडत आला. तरुण होता, अदबीनं वाकला.

"आजी, आधार कार्ड दाखवता का? पंचाहत्तर पूर्ण असतील तर तिकीट लागत नाही."

मला वाटलं, तिला लागेल. पण ती इतकी खळखळून हसली, की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.

"अठ्ठावन्न!" ती मोठ्यानं म्हणाली. "कालच रिटायर झाले. बाईचं अर्धं तिकीट द्या, जामनेर."

कंडक्टर ओशाळला. "सॉरी मॅडम, मला वाटलं..."

"वाटू द्या हो. चेहरा जरा पुढे निघून गेलाय. मी येतेय मागून."

आता सगळी बसच हसत होती, कंडक्टरसुद्धा. बस सुरू झाली. मी हात हलवला, तिनंही हलवला. स्टँडच्या फाटकातून बस वळली तशी तिच्या खिडकीवर दुपारचं ऊन आलं. मला लांबून एवढंच दिसलं, की ती उठली, पिशवी उचलली आणि पलीकडच्या सावलीच्या सीटवर जाऊन ताठ बसली.