यशोधनच्या सायकलचं मागचं चाक

रविवारचं मटण अंगावर आलंय, तरी नंदकुमार पलंगावर आडवा पडून मोबाईलवर होम ट्रेनर बघतोय. सायकलला लावून घरातल्या घरात पेडल मारायचं यंत्र. डॉक्टरांनी मंजिरीला बजावलंय, साखर काठावर आहे, रोज घाम काढा. त्यावर मंजिरी म्हणाली, सायकल आहेच की घरात, तिलाच यंत्र लावू.

सायकल आहेच. यशोधनची. म्हणजे मंजिरीच्या पहिल्या नवऱ्याची. तो डेंग्यूने गेला, नंदकुमारशी तिचं लग्न झालं, त्यालाही दोन वर्षं झाली. गॅलरीतली सायकल काही हलली नाही. मंजिरी ती पुसते. नंदकुमार जळतो. स्पष्टच सांगायचं तर मेलेल्या माणसावर जळतो. जिवंत नवऱ्याचं पोट सुटतं, तो घोरतो, आमटीला नावं ठेवतो. मेलेला मेला कायम सडपातळ.

यंत्रं दोन तऱ्हेची आहेत. एकात मागचं चाक तसंच राहतं आणि रोलरवर घासत फिरतं. स्वस्त पडतं, पण टायर झिजतो. दुसऱ्यात चाक काढून ठेवायचं आणि सायकल सरळ यंत्रावर चढवायची. टायरला धक्का नाही, आवाज नाही, पण महाग. नंदकुमारने रोलरवालं पसंत केलंय. स्वस्त आहे, असं मंजिरीला सांगितलंय. मनातलं कारण त्याला एकट्यालाच ठाऊक. यशोधनचा टायर रोज थोडा थोडा झिजेल, आणि तोही मंजिरीच्याच पायांनी. या विचाराने त्याला गुदगुल्या होतात आणि डोळे जड होतात.

"टायर चांगला आहे हो," कुणीतरी म्हणतं.

पलंगाच्या कडेवर यशोधन बसलाय. मांडीवर मागचं चाक घेऊन, लहान मूल घ्यावं तसा.

"चला, एक चक्कर मारू," तो म्हणतो.

आता नंदकुमार सायकलवर आहे आणि बँकेत आहे. तो नोकरी करतो तीच बँक, साताऱ्याची शाखा. टोकन घेऊन बसलेल्या लोकांच्या मधून यवतेश्वरचा घाट वर गेलाय आणि कुणाला त्याचं काही नाही. सायकलला मागचं चाक नाही, ते यशोधनच्या काखेत आहे. तरी ती चढतेय. सीट उंच आहे, नंदकुमारचे पाय पेडलला जेमतेम पुरतात. यशोधन बाजूने चालतोय, त्याला धापही लागत नाही.

"रोलरवालं घेऊ नका."

"स्वस्त आहे."

"स्वस्त म्हणून घेताय?"

खोटं बोलायला नंदकुमार तोंड उघडतो, पण बाहेर खरंच पडतं. "तुमचा टायर झिजावा म्हणून घेतोय! ती सायकल पुसते तुमची. माझी स्कूटर पुसलीय का कधी?"

यशोधन हसतो, पण ते हसू काही बरं नाही. "मी होतो तेव्हा बोटसुद्धा लावलं नाही तिने सायकलला. सवत म्हणायची. चल म्हटलं तर म्हणायची, तू जा, मला झोपू दे."

घाट स्वयंपाकघराच्या दारात संपतो. आत मंजिरी पाठमोरी उभी राहून गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतेय. यशोधन उंबऱ्याशी थांबतो. त्याला आत जाता येत नाही, हे नंदकुमारला न सांगता कळतं.

"चष्मा कधी लागला हिला?"

"गेल्या दिवाळीत."

"आणि केस?"

"रंगवायचे सोडले. मीच म्हटलं, असेच छान दिसतात."

यशोधनचा चेहरा उतरतो. "हे केस मी बघितलेच नाहीत," तो म्हणतो. "माझ्या वेळी तिला तब्येतीची फिकीर नव्हती. आता डॉक्टरने नुसतं साखर म्हटलं, तर निघाली घाम गाळायला. तिला म्हातारं व्हायचंय, नंदकुमार. सावकाश. आणि ते माझ्याबरोबर नाही."

हा आवाज नंदकुमारला चांगला ओळखीचा आहे. गॅलरीकडे बघताना त्याच्या स्वतःच्या पोटात हाच आवाज असतो. त्याला आनंद व्हायला हवा. होतोही. आणि लगेच लाजही वाटते.

"चाक तेवढं झिजवू नका," यशोधन म्हणतो. "एवढंच राहिलंय माझं."

नंदकुमार उतरायला जातो. पाय जमिनीला पोचत नाही, सायकल कलते आणि तो अख्खा घसरतो.

"अहो, चहा."

मंजिरी कप घेऊन उभी आहे. नंदकुमार उठून पलंगाच्या कडेला बसतो.

"चाक काढून लावायचं यंत्र घेऊ," तो म्हणतो.

"ते महाग आहे ना?"

"असू दे. चाक नीट गुंडाळून माळ्यावर ठेवू."

मंजिरी कप त्याच्या हातात देते. मग तिची नजर खाली जाते. "हे काय लावून घेतलंत?"

हाफ पँटखाली त्याच्या उजव्या पोटरीवर काळे ठिपके आहेत. ओळीने, किंचित गोलाकार. पेडलपाशी चेनचं चक्र असतं, त्याच्या दातांचे.

"सायकलवर बसला होतात?"

"नाही." ते खरंही आहे.

"मग हे आपोआप उमटलं? नवशिक्यांना लागतं हे. उतरताना पाय टेकला की." ती आतून खोबरेल तेल आणि चिंधी आणते, जमिनीवर बसते आणि त्याचा पाय मांडीवर ओढून घेते. "यशच्या पायाला सुरुवातीला रोज असायचं. पुसून दे ना, म्हणायचा. मी म्हणायचे, तुझं तू बघ. एकदाही दिलं नाही पुसून."

ती खाली मान घालून पोटरी चोळतेय. तेलाने काळं सुटायला लागलंय.

नंदकुमार हळूच हात लांब करतो आणि सायकलला दिसू नये, असा गॅलरीच्या दाराचा पडदा ओढून घेतो.