अजून न आलेल्या माशांचा आकडा

नागपूर विमानतळावर आई सरळ रडत होती आणि बाबा सूचना देत होते. पासपोर्ट कुठल्या कप्प्यात, शिष्यवृत्तीच्या पत्राची झेरॉक्स कुठे, उतरल्यावर आधी कुणाला फोन. भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात तलाठी म्हणून जन्म काढलेला माणूस, त्याला रडण्यापेक्षा यादी सोपी. यादी संपली तेव्हा म्हणाले, "सरकारच्या पैशावर शिकायला चाललीस. त्याची लाज वाटून घ्यायची नाही. पण विसरायचंही नाही." समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर निघाले होते मी. कॉलेजात काहींनी त्यावरून नाकं मुरडली होती. मी छाती काढून विमानात चढले आणि सीट बेल्ट लावल्यावर मग मनसोक्त रडले.

मी शिकायला उतरले त्या बॉथेलच्या माझ्या दोस्तांनो, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मास्टर्स, सॉफ्टवेअरची नोकरी, शनिवारचे पॉटलक, एप्रिलात भाड्याच्या हॉलमध्ये जयंती. "जय भीम" पोरं झोकात म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये. ग्रीन कार्ड हातात आलं आणि मी जाहीर केलं की अलास्कात जाते. रस्ताच नसलेल्या गावात, गावाच्या वतीने सरकारी मदतीचे अर्ज लिहायला. तुम्ही हसलात. "अगं, वेड लागलंय का? कोण राहतं यार तिथे?" राग आला होता मला, आज सांगते. पुण्याच्या कॉलेजात माझ्या गावाबद्दल मला अगदी हेच विचारलं होतं.

गाव तिथल्या मूळ रहिवाशांचं, नदीकाठी आहे. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात त्याच गोठलेल्या नदीवरून स्नोमोबाइल, आणि एरवी छोटं विमान. त्या विमानात बसण्याआधी तुमचं वजन सगळ्यांदेखत विचारतात. मी चार पौंड कमी सांगितलं आणि पूर्ण प्रवासभर विमान पडेल म्हणून जीव मुठीत धरून बसले. जमिनीवर पाय टेकल्यावर पायलटजवळ कबूल केलं. तो म्हणाला, सगळेच कमी सांगतात, आम्ही वाढवून धरतो.

इथे घराघराचं पोट सॅमन माशावर. उन्हाळ्यात काही आठवडे मासे नदीतून वर येतात, तेव्हा सगळं गाव काठावर मुक्कामाला जातं. मासे कापायचे, वाळवायचे, धुरी द्यायची. उरलेले विकता यावेत, पोरांना गावातच काम मिळावं, म्हणून गावाला एक शीतगृह आणि बर्फाचं मशीन हवं होतं. घरचे फ्रीझर जुने, वीज जाते, आणि हिवाळ्यासाठी ठेवलेलं अन्न नासतं. वॉशिंग्टनच्या एका सरकारी खात्याची दुर्गम भागांसाठी योजना होती. अर्ज पाठवायला तीन आठवडे उरले होते आणि गावाच्या कौन्सिलचा ठराव जोडल्याशिवाय अर्जाला अर्थ नव्हता.

अर्जात एक रकाना होता: येत्या हंगामात अपेक्षित मासे किती. आता मी तलाठ्याची लेक. उभ्या पिकाकडे बघून उताऱ्याचा अंदाज बांधायचा, ही नजर-आणेवारी मी लहानपणापासून पाहिलेली. मी जुने कागद चाळले, हिशेब मांडला आणि कौन्सिलच्या सभेत पडद्यावर आकडा झळकवला. एवढ्या मोठ्या अक्षरात! "पुढच्या उन्हाळ्यात आपल्याकडे एवढे मासे येणार," असं हसतहसत सांगितलं आणि टाळ्यांची वाट पाहत उभी राहिले.

लोकांनी कॉफी संपवली, कोट चढवले आणि शांतपणे निघून गेले. ठराव पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅग्नेस मावशींकडे गेले. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या त्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणते आणि त्या ओ देतात. चाकूला धार लावता लावता त्यांनी विचारलं, "मासे तुला सांगून गेले का, येतो म्हणून?" मग समजावलं. मासा स्वतःहून येतो. तो यायच्या आधी त्याच्यावर हक्क सांगणं म्हणजे त्याचा अपमान, आणि अपमान झालेल्या घरी कोण येईल? रागावल्या नव्हत्या त्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "काऊन गं, बांधीत धान उभं असताना किती होईल, असं आपल्याकडे तरी कोणी सांगते का? नजर लागते म्हणतात ना. मी कधीच नाही विचारलं. मागच्या सालचं विचारायचो, शेताच्या धुऱ्यावर बसून. मागचं माणूस भरभरून सांगते."

आणि हे मला माहीत होतं हो! बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी कितीदा ऐकलं होतं, की पिकाचं विचारलं तर लोक "होईल काहीतरी" एवढंच म्हणतात. दोन डिग्र्या घेऊन मी नेमकं तेच विसरले होते.

मग लॅपटॉप ठेवला ऑफिसात आणि घरोघरी गेले. धुराच्या खोपटांत बसून मासे कापायचे कसे ते शिकले, बोट कापून घेतलं, सगळ्यांना हसवलं. मागच्या वर्षी काय वाळवलं, त्यातलं काय नासलं, असं विचारलं की बायका तासतासभर बोलायच्या. एकीने बंद पडलेला फ्रीझर उघडून दाखवला आणि डोळे पुसले. ते सगळं मी अर्जात लिहिलं. त्या रकान्यात लिहिलं की न आलेल्या माशांबद्दल हे गाव बोलत नाही, सोबत मागच्या हंगामांची माहिती जोडली आहे. सभेत वाचून दाखवलं. पडदा नाही, आकडा नाही. ठराव एका आवाजात झाला आणि अर्ज गेला.

आठवड्याने वॉशिंग्टनहून अर्ज तपासणाऱ्या साहेबांचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाले, रकान्यात संख्या लागते, नाहीतर अर्ज पुढे सरकवता येणार नाही. अंदाजे काहीतरी टाका, कोण मोजायला येतंय. तो जुना आकडा माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार होता. टाकला असता तर गावाला कळलंही नसतं. आणि नाही टाकला, तर शीतगृह गेलं.

मी म्हणाले, "नाही सर. रकाना रिकामा नाही. त्यात गावाचं उत्तर आहे."

ते म्हणाले, हेच मला पत्रावर लिहून द्या, मी वर मांडतो. पत्र त्याच दिवशी गेलं. पुढचे दोन महिने मला धड जेवण गेलं नाही. मग मंजुरी आली.

आज शीतगृह उभं आहे. गावातली सात पोरं-पोरी तिथे कामाला आहेत आणि मागच्या हिवाळ्यात कुणाच्याही घरचं अन्न नासलं नाही. मी हे मिरवणार, मला कोणी अडवू नका.

मंजुरीचं कळवलं तेव्हा बाबांना मी घाबरत घाबरत त्या फोनचंही सांगितलं. सरकारी माणसाला मी नाही म्हणाले म्हणून रागावतील असं वाटलं होतं. ते हसले. म्हणाले, "माझ्या दर तीन वर्षांनी बदल्या व्हायच्या. नवीन गाव माझं कधी व्हायचं, माहीत आहे? त्या लोकांसाठी साहेबाला पहिल्यांदा नाही म्हणालो, की त्या दिवशी." मागून आईने विचारलं, मग आता ही तिकडचीच झाली का? बाबा म्हणाले, "झाली ना. आपल्या घरून शिकूनच झाली."