तेच नाव, दुसरा आवाज

दिल्लीतल्या मराठी माणसाला मराठीची फार काळजी असते, विशेषतः दुसऱ्याच्या. हे मला आमच्या मंडळाने शिकवलं.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उठत होत्या आणि त्यातल्या एकीत मी मल्टिमीडियाचे प्रोग्रॅम लिहायचो. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची. त्या वर्षी अध्यक्षीणबाईंना तिथे टचस्क्रीन हवा होता. बोट लावलं की चित्र दिसायचं आणि लढाईची हकीकत ऐकू यायची. मी हौसेने करून दिला. मजकूर, चित्रं, आवाज, काहीच प्रोग्रॅमच्या पोटात कोंबलं नव्हतं. सगळ्या फायली बाहेर एका फोल्डरमध्ये होत्या. प्रोग्रॅम फक्त नाव बघून फाइल उचलायचा. नाव तेच ठेवून आतला माल बदलला तर त्याला पत्ताही लागत नसे. बाईंना मी हे कौतुकाने करून दाखवलं.

"अच्छा, म्हणजे दर वेळी तुम्हाला बोलवायलाच नको," त्या म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली.

हकीकत वाचायला कॅन्टोन्मेंटमधले एक सुभेदार आले. साताऱ्याकडचे, बोलणं अस्सल गावाकडचं. शेवटचा हल्ला वाचताना त्यांचा आवाज फुटला. मी तो तसाच ठेवला.

"आईला गावावरनं बोलवून घेतलंय," ते जाताना म्हणाले. "तिला वाचता येत न्हाई, पण ऐकंल तर."

संक्रांतीला काला अंबच्या मांडवात जनरेटर धडधडत होता. सुभेदार छातीवर पदकं लावून आले होते. शालीत गुंडाळलेल्या आईला त्यांनी अगदी पुढे उभं केलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. आतून एक गुळगुळीत, शहरी आवाज बोलू लागला. खाली अक्षरं मात्र सुभेदारांच्याच नावाची होती. आई हात जोडून ऐकत होती.

मी बाईंना गाठलं. "अहो, पुण्याहून पाहुणे आलेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर असं गावठी बरं दिसतं का? आमच्या दिरांनी किती क्लीन वाचलंय बघा. तुम्हीच तर शिकवलंत, बिल्कुल सोपं होतं."

मग त्या स्वतःच सुभेदारांपाशी गेल्या. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "नाव तुमचंच ठेवलंय हं." केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मला त्या बाईंचा आजही संताप येतो.

"थँक्यू मॅडम," सुभेदार म्हणाले. बाई पुढच्या माणसाकडे वळल्यावर ते माझ्याजवळ आले.

"साहेब, माझं वाचलेलं कॅसेटवर तरी मिळंल का? तिला घरी ऐकवीन."

आवाजाच्या फायली जड असत, दुसरी प्रत ठेवायला तेव्हा जागा नसे. त्याच नावाची नवी फाइल टाकली की जुनी उरत नाही. मी म्हटलं, "पुसलं गेलं." त्यांनी मान हलवली, हुकूम ऐकल्यावर हलवावी तशी.

हकीकत संपली होती. म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि लेकाची बाही ओढली.

"ह्या पाव्हण्यानं चांगलं सांगितलं," ती म्हणाली. "आता तुझं लाव."

सुभेदारांनी पुन्हा पडद्यावर बोट टेकवलं.