पोकलेनच्या काचेपलीकडचं बोलणं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. आमच्या चाळीत पिंपळाखालून जायला घाबरणारे काही महाभाग होते, त्यांना मी मुद्दाम तिथेच गप्पा मारायला बोलवायचो. धंद्याने मी इलेक्ट्रिशियन. क्रेन, पोकलेन असल्या अवजड मशीनची वायरिंग बघतो. मीटरवर दिसलं तर आहे, नाही तर नाही, इतकं सरळ. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... तरी लिहितो.

जागा नीट सांगतो. करी रोडचा पूल उतरून लोअर परळकडे निघालं की डाव्या हाताला लागायची ती गिरणी. नाव लिहीत नाही. माझे बाबा तिथे साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला तेव्हा मी पाचवीत. तो मिटला कधी ते कुणालाच धड सांगता येत नाही, पण बाबा पुन्हा आत गेले नाहीत एवढं नक्की. पुढे भोईवाड्यात एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून राहिले. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. गिरणीचीही फक्त चिमणी आणि एक भिंत उरली होती, आणि आत टॉवरसाठी खोदकाम चाललं होतं.

बाबांची एक सवय सांगायला हवी. साचेखात्यात एवढा गोंगाट असायचा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. बाबा घरीही तेच करायचे. दहा बाय बाराची खोली, रात्रपाळी करून आलेला काका झोपलेला... बाबा दारातूनच ओठ हलवून 'चहा ठेव' म्हणायचे, आणि आई तशीच 'दूध नाय' म्हणायची. खाली रस्त्यावर बाबा, तिसऱ्या मजल्यावर आई, आणि दोघांचं मस्त भांडण चाललेलं — शेजाऱ्यांना पत्ता नाही! बघून बघून मीही ते वाचायला शिकलो. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याचा काय उपयोग केला ते इथे नको. फार सुखाचे दिवस होते ते. पैसे नव्हते, जागा नव्हती, पण अजून आठवले की गलबलून येतं.

आता गण्या. माझा चाळीतला दोस्त, त्याचेही वडील त्याच गिरणीतले. गावची आंब्याची कलमं विकून त्याने सेकंडहँड पोकलेन घेतलं होतं. (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे खोदणाऱ्या मशीनला पोकलेनच म्हणतात.) पहिलंच काम या साइटवर लागलं आणि तिसऱ्या दिवशी मशीन रुसलं. चालता चालता स्क्रीनवर एरर यायचा, इंजिन एकदम मंद व्हायचं आणि बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, हवेत लटकून राहायचा. सुपरवायझरने सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर उद्या दुसरं मशीन येईल.

"कलमांना हात लावू नको म्हणून बाप बजावून गेला होता रे," गण्या म्हणाला. "आता हे पण गेलं तर गावाला तोंड कुठून दाखवू?"

सकाळपासून मी त्या मशीनला भिडलो होतो. स्क्रीन म्हणाली पंपाचा प्रेशर सेन्सर गेला. बदलला. मग म्हणाली थ्रॉटलचा. तोही बदलला. मग तिसराच! आणि काढलेला प्रत्येक सेन्सर मीटरवर ठणठणीत. माझी मती गुंग झाली. साडेबाराच्या सुमारास इंजिन चालू ठेवून मी केबिनमध्ये बसलो होतो, गण्या समोर लांब उभा होता. शेजारी दुसऱ्या मशीनचा ब्रेकर गिरणीचा जुना पाया फोडत होता. कानठळ्या बसत होत्या.

समोरच्या काचेपलीकडे, धुळीत, एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, डोक्यावर साइटचं हेल्मेट. पाडकाम बघायला जुने कामगार यायचे, त्यातलाच असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "इतके धागे एकदम तुटणत नाय. धाग्यात बघू नको. मागे बीम बघ."

मागावरचे सगळे उभे धागे ज्या एका जाड रुळावरून येतात, तो बीम. माझी ट्यूब पेटली. सगळ्या सेन्सरची अर्थिंगची वायर एकच होती, आणि मी येडा एकेक सेन्सर उसवत बसलो होतो!

मी वळणार तेवढ्यात तो आणखी एक बोलला. "जेवलंस?"

मी हातानेच 'थांबा जरा' अशी खूण केली आणि सीटमागचं कव्हर उघडायला घेतलं. आत आधीच्या मालकाने अर्थिंगला नुसती टेप गुंडाळून जोड दिला होता. केबिन डावीकडे फिरली की तो सुटायचा. पक्का जोड मारला, अर्ध्या तासात मशीन सुरू. एकही एरर नाही.

खाली उतरलो तर गण्याने मिठीच मारली. मग म्हणाला, "तो म्हातारा कोण रे? मला पाठमोराच दिसला. तू त्याला हात काय दाखवत होतास? एवढ्या आवाजात तुला ऐकू काय येत होतं?"

मी काही ऐकलंच नव्हतं... मी वाचलं होतं. गेटवर विचारलं, तर वॉचमन म्हणाला, सकाळपासून बाहेरचा कोणी आलेला नाही. चेहरा आठवायला गेलो तर फक्त ओठ आठवत होते.

घरी आईला सांगितलं. वाटलं, रडेल, नाही तर नारळ ठेवायला सांगेल. तिने एवढंच विचारलं, "मगे तू काय सांगलंस?"

"थांबा म्हटलं."

"थांबा म्हटलंस मा? मगे थयच उभे आसतले. तेंका थांबा म्हटल्यार ते कदी हलले हत?"

दुसऱ्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी साडेबाराला गेलो. गण्या खाली खड्ड्यात मशीन चालवत होता, ब्रेकर धडधडत होता. कालच्या जागी कोणीही नव्हतं. हे काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मनाचे खेळ म्हणावं, तर गण्याने ती पाठ पाहिली होती. त्या जागेकडे तोंड करून मी आवाज न काढता म्हटलं, 'जेवलंय, बाबा. तुम्ही?' मग ब्रेकर बंद होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.