अभिप्रायाची वही आणि आक्काची वाटी

कादंबरी भिकार होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे बाईनं रागाच्या भरात लिहिलं असं पुढं कुणी म्हणायला नको. राग होताच, आजही आहे. पण भिकार ती भिकारच.

लिहिणारा आमच्याच शाळेतला मराठीचा मास्तर. नोकरीला सांगलीत, मूळचा वाईचा. त्याचं हे पहिलंच पुस्तक. मुखपृष्ठावर विहीर, विहिरीतून वर आलेला बाईचा हात, हातात पितळी वाटी, आणि खाली लाल अक्षरांत ‘मनोविश्लेषणात्मक रहस्यकादंबरी’. पुस्तक आलं त्या दिवशी त्यानं शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला, काय करता!

गोष्ट काय, तर मूलबाळ नसलेली एक बाई विहिरीत उडी मारते. वाचते, पण डोकं फिरतं. मग वाटीत खाऊ दाखवून गावातली पोरं एकेक करून विहिरीकडं नेते. सारं गाव दोनशे पानं खुनी शोधत फिरतंय, आणि वाचणाऱ्याला तो दहाव्या पानावर कळलेला. थरार म्हणे! डोंबलाचा थरार.

ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का.

आम्ही आटपाडीकडच्या. आक्काला कवठेमहांकाळच्या बाजूला दिली होती. दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती सासरच्या विहिरीच्या तळाशी सापडली. पाय मोडलेला, मुठीत पितळी वाटी. सासू म्हणाली, पोर होत नाही म्हणून उडी टाकली, डोक्यावर परिणाम झालाय, तुमची तुम्ही घेऊन जा. दवाखान्यात वाटी काढून घ्यायला गेलो तर सोडेना. मी तेव्हा सांगलीत नोकरीला लागले होते, नळाचं पाणी पीत होते. तिला माझ्या खोलीवर घेऊन आले.

दोन वर्षं ती कोपरा धरून होती. मग हळदीच्या वखारीत कामाला जाणाऱ्या शेजारणी आपली लेकरं तिच्याकडं ठेवायला लागल्या. सात-आठ लेकरं दिवसभर तिच्याभोवती. त्याच वाटीत भात कालवून ती सगळ्यांना एकेक घास भरवायची. लेकरं आली आणि माझी आक्का पुन्हा हसायला लागली. मला दुसरं काही नको होतं.

आता मास्तरला हे सगळं कळलं कसं? मी सांगितलं. मीच! परीक्षेचे पेपर तपासता तपासता, दोन कप चहावर. तो ‘अरेरे, अरेरे’ करत होता. मला वाटलं, हळहळतोय. मेला मनातल्या मनात लिहून घेत होता.

वाचनालयात त्या पुस्तकाला नंबर लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचणाऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. महिन्याच्या आत लेकरं यायची थांबली. एक शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “आमचं काय न्हाई वो बाई, पर सासू नगं म्हनतीया.” तरी आक्का रोज तेवढाच भात टाकायची आणि पातेलं पुढ्यात घेऊन बसायची. ते बघवत नव्हतं.

मी मास्तरला गाठलं. तर म्हणतो, “कलाकृतीकडं अलिप्तपणे बघावं, बाई.” म्हटलं, “तुमच्या सख्ख्या बहिणीवर लिहा, मग शिकवा मला अलिप्तपणा.” त्यावर तो खडूचा डबा घेऊन वर्गावर निघून गेला.

वाचनालयात अभिप्रायाची वही असायची. दोरीनं टेबलाला बांधलेली, कुणीही वाचकानं लिहावं. मी दोन पानं भरून लिहिलं, खाली ठसठशीत सही केली. पहिलाच मुद्दा पाण्याचा. ‘लेखक कृष्णाकाठचे. घाटावर बसलं की यांचे पाय भिजतात. त्यामुळं विहीर म्हटली की पाणी असणारच, अशी यांची समजूत. आमच्या मुलखात त्या वैशाखात विहिरीत कोंबडीची चोचही बुडत नव्हती, आणि यांची पोरं पटापट बुडतात!’ आणि शेवटी असं, की दुःखानं पिचून जीव द्यायला निघालेल्या एका बाईचा तुम्ही बाजार मांडलात, तुमच्या लेखणीला कीड पडो.

ग्रंथपाल वाचून म्हणाला, “बाई, धू धू धुतलंत की!” मी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि तरातरा घरी आले. आक्काला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. आता तरी तिला बरं वाटेल, असं मला वाटत होतं.

कोंबडीच्या चोचीला ती खुदकन हसली. मग शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “लय झ्याक लिवलंस. पर हिरीत पानी नव्हतं, हे तुला ठावं हुतं?”

“हो तर. सगळ्या मुलखाला ठाऊक आहे.”

“मग कोरड्या हिरीत जीव द्याया मी काय येडी हाय व्हय?”

मी कागद खाली ठेवला.

“तळाला झरा हुता बारका. वाटी-वाटी पानी साचायचं. घागर भराया समद्या बाया आत उतरायच्या. माझा नंबर आधी लागावा म्हून मी पहाटं गेले. पायरीचा धोंडा निसटला. आगं, तू आटपाडीची, आन् तुला वाटी कळली न्हाई?”

कळायला हवी होती. लहानपणी आमची आई अशीच वाटीनं पाणी भरायची. मास्तर वाईचा, त्याला एक वेळ माफ. मला कशी माफी?

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“बोलले की. दवाखान्यातच बोलले. म्हनलं, वाटी नगा घिऊ, घागर भरायची हाय. तू माझ्या कपाळावर हात ठिवलास आन् म्हनलीस, ‘शांत पड आक्का, डोक्याला ताण देऊ नको.’”

म्हटलं होतं मी. अगदी असंच म्हटलं होतं.

आणि ते घागरीचं बोलणंही मी मास्तरला सांगितलं होतं. कादंबरीत ते पहिल्याच प्रकरणात आहे, बाईचं डोकं फिरल्याची पहिली खूण म्हणून.